मिठाला किती दोष देणार?

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीत मागे थायरॉईडवर पानभर लेख आला होता, वाचला, आणि दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलो. लेख वाईट नव्हता हो, पण सगळा भर मिठावर. आयोडीनवालं मीठ खा, सैंधव-बिंधवच्या नादी लागू नका, आणि बाळांबद्दल एकच वाक्य, की आईच्या आहारात आयोडीन कमी असेल तर बाळाला त्रास होऊ शकतो. चूक नाही ते, पण अर्धवट आहे. या असल्या अर्धवट वाक्यापायी माझ्या पुतणीला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

तिचं बाळ तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घेऊन तपासलं तर टीएसएच खूप जास्त (थायरॉईडला 'काम कर' असं सांगणारं हार्मोन ते, ते वाढलं म्हणजे थायरॉईड कमी पडतोय). रिपोर्ट आला तो कुणीतरी नुसता फाईलला लावून ठेवला, हॉस्पिटलचं नाव घेत नाही, पण आठव्या दिवशी दुसऱ्याच कामाला गेल्यावर डॉक्टरांनी फाईल उघडली म्हणून कळलं. नशीब म्हणायचं, कारण थायरॉईड हार्मोनची गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला लागते, मेंदूचा प्रश्न असतो. गोळी सुरू झाली आणि इकडे घरात कोर्ट भरलं. तू डोहाळ्यात मीठ सोडलं होतंस ना, तू डाएट करत होतीस ना, बाहेरचं खात होतीस ना. बाळंतीण बिचारी रडून रडून अर्धी झाली.

मी आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, डॉक्टर नाही, पण हे प्रकरण घरात आल्यावर वाचत गेलो आणि अक्षरशः थक्क झालो. आयोडीन पोटात गेलं म्हणजे हार्मोन तयार झालं असं नसतंच मुळी. थायरॉईडच्या पेशी रक्तातलं आयोडाईड, म्हणजे आयोडीनचंच एक रूप, ओढून घेतात आणि दुसऱ्या बाजूला एका छोट्या पोकळीत नेऊन सोडतात, तिथे एका मोठ्या प्रोटीनला ते चिकटवायचं असतं. पण आयोडाईड असंच जाऊन चिकटत नाही, त्याचं आधी ऑक्सिडेशन व्हावं लागतं, म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉन काढून घ्यावा लागतो. त्यासाठी काय लागतं, तर हायड्रोजन पेरॉक्साइड! तेच, मेडिकलच्या दुकानात जखम धुवायला मिळतं ते, ज्याचा फेस येतो. ते आपली ग्रंथी स्वतः बनवते, रोज. आणि ते बनवणारं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रोटीन, ते ड्युऑक्स-२. (फ्री रॅडिकल म्हणजे शत्रू, अँटिऑक्सिडंटचे डबे घ्या, असं ओरडणाऱ्या जाहिरातवाल्यांना हे कुणीतरी सांगा.)

आता या एन्झाइमची बांधणी बघा. १५४८ अमिनो आम्लांची लांबलचक साखळी, पेशीच्या पडद्यात शिवल्यासारखी बसलेली. एक मोठा तुकडा बाहेर, पोकळीच्या बाजूला, तो दिसायला पेरॉक्सिडेजसारखा (पेरॉक्साइड वापरून काम करणारं एन्झाइम), पण माणसात ते काम करत नाही, नुसता तोंडवळा. मधे पडद्यातून आरपार जाणारे खांब आणि त्यात लोहवाले दोन हीम, म्हणजे इलेक्ट्रॉन पुढे देणारे तुकडे. आतल्या बाजूला एनएडीपीएचची, म्हणजे इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूची, जागा. तिथून इलेक्ट्रॉन निघतो, एफएडी नावाच्या मधल्या रेणूवर जातो, मग एका हीमवरून दुसऱ्यावर, आणि पडद्यापलीकडे ऑक्सिजनला जाऊन भेटतो. पेशीच्या आतलं इंधन वापरून माल बाहेर काढायचा, म्हणजे पेरॉक्साइड पेशीच्या पोटात न साठता जिथे आयोडीन आहे तिथेच पडतं. विहिरीतून पाणी काढून बांधापलीकडच्या शेताला द्यावं तसं.

आणि हे मशीन सतत चालू ठेवून भागत नाही, पेरॉक्साइड जास्त झालं तर पेशीच जळायची. म्हणून त्याला बटण आहे, कॅल्शियमचं. आतल्या भागात कॅल्शियम धरणारे दोन चिमटे आहेत. २०२१ मध्ये चीनच्या पेकिंग विद्यापीठातल्या लोकांनी याच्या जुळ्या भावाचे, ड्युऑक्स-१ चे, क्रायो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं, म्हणजे नमुना गोठवून, फोटो काढले, एकदा कॅल्शियम कमी ठेवून आणि एकदा जास्त. कमी असताना आतला भाग ढिला, हलत राहणारा, कॅल्शियम मिळालं की घट्ट जागेवर बसतो आणि इलेक्ट्रॉनची वाट मोकळी होते. शिवाय एक सोबती लागतो, ड्युऑक्स-ए-२, तो नसेल तर एन्झाइम कारखान्यातून पडद्यापर्यंत पोचतच नाही. म्हणजे बिघाड मशीनमध्ये असू शकतो किंवा सोबत्यात, आणि मीठ कितीही खा काही उपयोग नाही. उलट आयोडीनचा मारा फार झाला तर पेरॉक्साइड बनणंच मंदावतं! नवजात बाळाला आयोडीनवालं जंतुनाशक भरपूर फासलं तर थायरॉईड काही दिवस दबतो तो उगाच नाही.

ड्युऑक्स-२ बनवणाऱ्या जीनमधला बिघाड आणि जन्मजात थायरॉईडचा त्रास (जन्मापासूनच हार्मोन कमी पडणं) यांचा संबंध २००२ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी दाखवला. जीनच्या दोन कॉपी असतात, एक आईकडून, एक बापाकडून; दोन्ही कॉपी बिघडलेल्या पेशंटला कायमचा आणि तीव्र त्रास, एकच बिघडलेली असेल तर तात्पुरता, असं तेव्हा दिसलं होतं. नंतर कळलं की एवढं सरळ नाही, दोन्ही कॉपी बिघडलेली काही मुलंसुद्धा मोठी झाल्यावर गोळीशिवाय राहिली. कारण तान्ह्या बाळाला वजनाच्या मानानं हार्मोन खूप लागतं, तेव्हा मशीन कमी पडतं, पुढे गरज कमी होते आणि अर्ध्या ताकदीवर भागतं. म्हणूनच तीन वर्षांचं झाल्यावर डॉक्टर गोळी थांबवून बघतात. डॉक्टर हं, आपण नाही, मधेच बंद करणारे महाभाग पण आहेत.

आपल्याकडे साधारण हजार-बाराशे बाळांमागे एकाला जन्मजात थायरॉईडचा त्रास असतो, सगळ्यांचं कारण ड्युऑक्स नाही, बऱ्याच जणांत ग्रंथीच नीट बनलेली नसते, पण तपासणी सगळ्यांची तीच, टाचेतून चार थेंब, ४८ ते ७२ तासांत. ते तुमच्या लेखात कुठेच नव्हतं. मिठाचा रंगीत फोटो मात्र अर्धा पान.

राहता राहिलं घरातलं कोर्ट. बाळाची जीन टेस्ट केली, महाग पडली पण केली. ड्युऑक्स-२ ची एक कॉपी बिघडलेली निघाली आणि मग आई-बापाची तपासली तर तो बदल बापाकडून आलेला. ज्या आजीबाई मिठावरून सुनेला बोलत होत्या त्या रिपोर्ट ऐकून गप्पच झाल्या. त्यांचाही दोष नाहीच यात, कुणाचाच नाही. आता रोज सकाळी त्याच गोळी कुस्करून चमच्यात पाण्यात कालवून नातवाला देतात, लोहाचं औषध वेगळ्या वेळी द्यायचं हेही त्यांच्याच लक्षात असतं.

दुसरा लेख काढणार असाल तर टाचेच्या टेस्टची एक चौकट तेवढी टाका, आणि रिपोर्ट स्वतः जाऊन घ्या हेही लिहा त्यात.

आपला,
एक रिटायर्ड केमिस्ट्रीचा मास्तर, सांगली