मिरजेच्या कुशनवाल्या चाचांना

चाचा, सलाम.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. "नाव-बिव कशाला, काम बघा" असं तुम्हीच म्हणाला होता. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. दुकानात येऊन मानायला गेलं की तुम्ही चहा मागवता आणि विषय बदलता. शिवाय गाडीच्या छताचं कापड सुटून लोंबायला लागलंय, अशी मंडळी आपल्या भागात कमी नाहीत. तुम्ही जे केलंत ते त्यांनाही कळायला हवं.

आईचं डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून तीनदा तासगावहून मिरजेला यायचं, चार तास मशीनवर, मग परत. येताना ती पुढे बसते, द्राक्षबागांकडे बघत कुणाची छाटणी झाली, कुणाची राहिली ते सांगत येते. जाताना मात्र बीपी उतरलेलं असतं, चक्कर येत असते. मागच्या सीटवर मान टाकून पडून राहते. त्या वेळी छताचं कापड पोट काढून तिच्या कपाळापर्यंत उतरलेलं असायचं. काच खाली केली की फडफडायचं. त्याहून वाईट म्हणजे त्यातून पिवळसर भुगा गळायचा, पदरावर, केसांत, कधी डोळ्यांत. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचतात त्या हाताला पट्टी, म्हणून दुसऱ्या हाताने ती कसेबसे डोळे पुसायची. "असू दे रे, गाडी चालतीय ना" म्हणायची. मला ते बघवायचं नाही.

तुमच्याकडे येण्याआधी एका गॅरेजात इंजेक्शनच्या सिरिंजने कापडातून आत सोल्युशन सोडून, वरून दाबून दिलं होतं. चार दिवस बरं वाटलं. मग कापडावर जागोजागी काळपट डाग उठले आणि उन्हात गाडी उभी राहिली तशी सगळी चिकटवणी सुटली. कंपनीच्या सेंटरमध्ये विचारलं तर अख्खं छत बदला म्हणाले. भाग मागवावा लागेल, कधी येईल ते सांगता येणार नाही, आणि सांगितलेली रक्कम ऐकून मी फोन ठेवला.

तुम्ही आधी काय केलंत ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. किंमत सांगितली नाहीत, वहीसुद्धा उघडली नाहीत. मागच्या काचेजवळ सुटलेली कड उचललीत, दोन बोटं आत घातलीत आणि अंगठ्याने चोळून माझ्यापुढे धरलीत. बोटांवर हळदीसारखी पूड होती. "कापड ठणठणीत आहे दादा," तुम्ही म्हणालात, "मधला फोम मेलाय."

मग मला समजावून सांगितलंत. वर दिसतं ते नुसतं कापड नसतं, त्याच्या पाठीला दोन-तीन मिलिमीटरचा फोम जोडलेला असतो आणि तो फोम साच्यात दाबून केलेल्या बोर्डाला चिकटवलेला असतो. वर्षानुवर्षं उन्हाची धग आणि पावसाळ्याची दमट हवा खाऊन हा फोम आतल्या आत कुजतो, त्याचा भुगा होतो. कापडही धड असतं, बोर्डही धड असतो, पण दोघांना धरून ठेवणारंच काही उरत नाही. म्हणून वरून कितीही सोल्युशन मारलं तरी ते भुग्यालाच चिकटतं, आणि भुगा तर कशालाच धरून नसतो. आधीचं काम का टिकलं नाही हे मला तेव्हा कळलं. त्या गॅरेजवाल्याला नावं मात्र तुम्ही ठेवली नाहीत.

टाचण्या मारून घ्यायचा सल्लाही मला मिळाला होता. त्यावर तुम्ही आवाज चढवलात. टाचणीने फोम जिवंत होत नाही, भुगा गळायचा तो गळतच राहतो, आणि खाली डोकं टेकून पेशंट बसणार आहे. ज्या गाड्यांत छताच्या कडेने पडदा-एअरबॅग, म्हणजे अपघातात खिडक्यांवर पडद्यासारख्या उतरणाऱ्या हवेच्या पिशव्या असतात तिथे तर कडेला टाचणी किंवा स्टेपल मारणं म्हणजे जिवाशी खेळ. एअरबॅग फुटली तर तीच टाचणी गोळीसारखी सुटते. अशा गाडीत बॅटरीची वायर काढून, थोडं थांबूनच तुम्ही छताच्या कडेच्या पट्ट्यांना हात लावता, हेही सांगितलंत. आमच्या गाडीत त्या एअरबॅग नाहीत, तरी तुम्ही पिलर, म्हणजे छत पेलणारे खांब, आणि कडा तपासून खात्री करून घेतलीत.

आणि मग वार विचारलेत. डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार हे ऐकल्यावर तुम्ही म्हणालात, "शनिवारी आईंना घरी सोडा आणि गाडी इथं लावा. सोमवारी संध्याकाळी न्या." रविवारी तुमचं दुकान बंद असतं हे मला नंतर तुमच्या नातवाकडून कळलं. माझ्या आईसाठी तुम्ही सुट्टी मोडलीत, आणि त्याचा उल्लेखसुद्धा केला नाहीत.

रविवारी मी दिवसभर तुमच्याजवळ बसून होतो. सन व्हायजर म्हणजे समोरचं ऊन अडवायच्या झडपा, वरची हँडलं, आतला दिवा, पिलरच्या पट्ट्या, दारांचं बीडिंग, सगळं निघालं. प्रत्येक जागेचे स्क्रू आणि क्लिपा वेगवेगळ्या वाट्यांत. बोर्ड पुढच्या दारातून काढताना तुम्ही नातवाला तीन वेळा थांबवलंत, कारण बोर्ड जास्त वाकला तर त्याला मधोमध मोड पडते आणि ती नंतर कापडातून दिसते.

खरं काम त्यानंतरचं. कापड सोलून काढलं तेव्हा बोर्डावर किडक्या फोमचा थर होता, वर आधीच्या सोल्युशनचे खडे. नातू तारेचा ब्रश घेऊन आला तर तुम्ही त्याच्या हातातून तो काढून घेतलात. तारेने बोर्डाचा वरचा पापुद्रा निघतो. तुम्ही कपडे धुवायचा नरम ब्रश घेतलात, तोंडाला रुमाल बांधलात आणि घासत बसलात. सकाळ गेली त्यात. मला वाटलं, झालं आता. तुम्ही तळहात फिरवून बघायचात आणि पुन्हा घासायचात. दिव्याच्या भोकाजवळ बोर्डाला चीर होती, ती मागच्या बाजूने कापडाची पट्टी चिकटवून सांधलीत. यातलं काहीही कुणालाही कधी दिसणार नाही. भुग्यावरच नवं कापड मारून दिलं असतं तरी सोमवारी मी खुशीत पैसे मोजून गेलो असतो, आणि मे महिन्यात पुन्हा आई तशीच डोळे पुसत बसली असती.

कापड चढवताना तुमच्या हाताचा वेग एकदम बदलला. अर्धं कापड उलटं दुमडून ठेवलंत, कापडाच्या पाठीला आणि बोर्डाला, दोन्हीकडे गरमी सोसणारं सोल्युशन मारलंत आणि थांबलात. मी म्हटलं, वाळेल ना. तुम्ही बोट टेकवून दाखवलंत: चिकट लागतं पण बोटाला तार येत नाही, तेव्हाच लावायचं. मग मधून कडेकडे, तळहाताने. व्हायजरच्या खळग्यांपाशी आलात तेव्हा कापड ताणलं नाहीत, उलट सैल सोडून आधी खळग्याच्या तळाशी दाबलंत. "इथं ताणून लावलं की आज झकास दिसतं, उन्हाळ्यात पहिलं इथंच सुटतं." नातवाला ते दोनदा करायला लावलंत. तो शिकतोय, हे बघून मला फार बरं वाटलं.

घासता घासता तुम्ही मुंबईतल्या दिवसांचं बोललात. उमेदीची वर्षं फियाट टॅक्सींची छतं करण्यात गेली. त्यांना बोर्ड नव्हता, फोम नव्हता. रेक्झिन शिवायचं, शिवणीतून लोखंडी सळ्या ओवायच्या आणि कडेला ताणून बसवायचं. एकेका टॅक्सीवाल्याची हौस काय, गुलाबाची फुलं, मोर, चांदण्या! त्या फियाट टॅक्सी २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या हद्दपार झाल्या, तेव्हा तुम्ही बातमी बघून जेवला नव्हता, असं नातू म्हणाला.

म्हणूनच बहुतेक, रंग ठरवायला तुम्ही मला विचारलंच नाहीत. "वर बघणार त्या. त्यांना फोन लावा." आईने फुलाफुलांचं मागितलं. तुम्ही तिला नीट समजावलंत की या बोर्डाला फोमवालंच कापड लागतं, पातळ छापील कापडातून बोर्डाचा खडबडीतपणा दिसेल. मग तिने फिकट मोतिया रंग निवडला. सोमवारी गाडी न्यायला आलो तर मागच्या सीटवर मानेखाली घ्यायची एक गोल लोडी होती, त्याच कापडाची, आणि तिच्या दोन्ही टोकांना लाल फुलांचं रेक्झिन. त्याचे पैसे विचारले तर तुम्ही उत्तर दिलं नाहीत.

वास जाईपर्यंत काचा उघड्या ठेवायला सांगितलं होतंत. रात्रभर ठेवल्या. मंगळवारी परतताना आईने मान टाकली आणि तासगावच्या अलीकडचं कवठे एकंद येईपर्यंत झोपली. गाडीत ती झोपली असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

यंदाचा मे महिना निघाला. दवाखान्याच्या आवारात सावली नाही, गाडी तासन्‌तास तापत उभी असते. छत जसंच्या तसं आहे. व्हायजरच्या खळग्यांत मी मुद्दाम बोट घालून बघतो, कुठेही पोकळ लागत नाही.

चाचा, डायलिसिसला येणाऱ्या आणखी एका कुटुंबाला तुमचा पत्ता दिलाय. त्यांचीही गाडी अशीच आहे आणि त्यांचे वार सोमवार, बुधवार, शुक्रवार आहेत, म्हणजे तुम्हाला पुन्हा रविवारच मोडावा लागेल. मी त्यांना सांगितलंय की रविवारची मजुरी वेगळी धरायची, आणि ते कबूल आहेत. तेव्हा या खेपेला पैसे पूर्ण घ्या. आणि लोडीचेही घ्या.

आईने तुम्हाला आणि नातवाला आशीर्वाद सांगितलाय. बेदाण्याची पाच किलोची पेटी घेऊन मी येतोच आहे, तेव्हा चहा मागवून विषय बदलू नका.

तुमचा,
तासगावचा दादा