नुसते ‘रीमास्टर्ड’ छापून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या पाश्चात्त्य गायिकांच्या अल्बमच्या नव्या आवृत्त्यांवर आपल्या रविवार पुरवणीत मालिका सुरू झाली आणि पहिला मान साठच्या दशकातल्या ब्रिटिश गायिका डस्टी स्प्रिंगफील्डला मिळाला, हे उत्तम झाले. पण ‘नवी रीमास्टर्ड (जुन्या टेपवरून ध्वनी नव्याने उतरवून सुधारलेली) आवृत्ती जरूर ऐका’ असे सांगून लेख थांबतो. वाचकाची खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते. एकाच मुखपृष्ठाखाली कुठे अकरा गाणी, कुठे पंचवीस. कुठे मोनो (सगळा आवाज एकत्र), कुठे स्टिरिओ (डावी-उजवी बाजू वेगळी). भलतीच आवृत्ती हाती पडली, तर ‘हिचे एवढे कौतुक कशाला?’ असे म्हणून माणूस मोकळा होतो.

आधी लेखातली एक दुरुस्ती. ‘डस्टी इन मेम्फिस’ (१९६९) या अल्बममधला तिचा आवाज, नावावरून वाटले तरी, अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात मुद्रित झालेला नाही. सप्टेंबर १९६८ मध्ये तिथल्या अमेरिकन साउंड स्टुडिओत साथ मुद्रित झाली: रेजी यंगची गिटार, टॉमी कॉगबिलचा बेस, जीन क्रिसमनचे ड्रम्स. डस्टीला त्या खोलीत मनासारखे गाता येईना. तिचा अंतिम आवाज नंतर न्यूयॉर्कमध्ये घेतला गेला आणि अरिफ मार्डिनने बसवलेली तंतुवाद्येही नंतरच चढली. हा तपशील केवळ पाठांतराचा नाही. चांगल्या आवृत्तीत साथीची मंडळी एका खोलीत सैलपणे वाजवताना आणि गायिका त्यांच्यापासून किंचित वेगळी, कानाजवळ गाताना ऐकू येते. आवाज चढवलेल्या आवृत्तीत हे अंतर बुजते, सगळे एकाच भिंतीला चिकटल्यासारखे वाटते. आवृत्ती पारखायची असेल, तर मला ही खूण सगळ्यांत भरवशाची वाटते.

अमेरिकेत हा अल्बम काढणाऱ्या अटलांटिक कंपनीचे जुने टेप न्यू जर्सीतल्या लाँग ब्रँच इथे एका गोदामात होते. फेब्रुवारी १९७८ मध्ये ते गोदाम जळाले. अप्रकाशित गाणी, पर्यायी टेक (त्याच गाण्याची वेगळी मुद्रणे), मल्टिट्रॅक टेप (आवाज आणि वाद्ये वेगवेगळी ठेवलेले) यांतले बरेचसे तिथेच संपले. प्रकाशित अल्बमचे अंतिम मास्टर (पूर्ण तयार टेप) न्यूयॉर्कला होते, म्हणून वाचले. जे जळाले ते नव्याने मिक्स करता येत नाही. उरलेला स्टिरिओ मास्टर किती काळजीने उतरवला, यावरच बहुतेक आवृत्त्यांतला फरक ठरतो. डस्टीने १९७१ मध्ये जेफ बॅरी या निर्मात्याकडे केलेला एक अख्खा अल्बम या आगीत गेला असेच धरले जात होते. बॅरीने स्टिरिओ मिक्सच्या प्रती स्वतःजवळ ठेवल्या होत्या म्हणून तो हाती लागला. त्यातली बरीच गाणी ‘मेम्फिस’च्या १९९९ च्या ऱ्हायनो कंपनीच्या आवृत्तीत (मूळ ११ आणि जादा १४) आली आणि २०१५ मध्ये रिअल गॉन म्युझिकने तो ‘फेथफुल’ या नावाने स्वतंत्र काढला. सीडी घ्यायची तर १९९९ ची ही आवृत्ती आजही पहिली घ्यावी. मात्र पहिल्या ऐकण्यात अकराव्या गाण्यानंतर थांबावे. १९६९ मध्ये अमेरिकेत ९९ व्या क्रमांकाच्या वर न गेलेला हा अल्बम गाण्यांच्या क्रमामुळेही मोठा आहे आणि जादा गाणी लगोलग वाजली की तो क्रम विरून जातो.

लेखात लंडनची वर्षे दोन वाक्यांत उरकली आहेत. माझ्या मते तिचे गाणे समजून घ्यायला तीच जास्त उपयोगी आहेत. नोव्हेंबर १९६३ मध्ये पहिले स्वतंत्र सिंगल (एकेका गाण्याची छोटी तबकडी) आले, १९६४ मध्ये ‘अ गर्ल कॉल्ड डस्टी’ हा अल्बम. ब्रिटिश रिवाजाप्रमाणे गाजलेली सिंगल्स अल्बमवर घेत नसत. त्यामुळे मूळ अल्बमची हुबेहूब नवी एलपी घेतली, तर ज्या गाण्यासाठी घेतली तेच त्यावर नसते. मर्क्युरी कंपनीच्या १९९७ च्या सीडीवर ही सिंगल्स जोडलेली आहेत. कागदावर निर्माता म्हणून जॉनी फ्रान्झचे नाव असले, तरी साथीदारांना काय हवे ते सांगणारी, टेक परत घ्यायला लावणारी डस्टीच होती. तिच्या तेव्हाच्या फिलिप्स कंपनीच्या स्टुडिओत आवाज विरून जातो, घुमत नाही, ही तिची कायमची तक्रार. ‘यू डोन्ट हॅव टू से यू लव्ह मी’ (१९६६) साठी तिने जिन्यात उभे राहून गायले. ४७ टेक झाल्याचे सांगतात. ओळ संपल्यावर तो जिना किती वेळ ऐकू येतो, ते बघा. टेपची सळसळ काढण्याच्या नादात ज्यांनी नॉइज रिडक्शन जास्त चालवले, त्यांच्या प्रतीत शब्द संपताच मागची जागा दार लावल्यासारखी बंद होते आणि झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या वाटतात. थोडी सळसळ राहिलेली प्रत चांगली समजावी.

मोनो की स्टिरिओ, याचे उत्तर काळावर आहे. १९६७ पर्यंतची लंडनची सिंगल्स मोनोत, कारण ब्रिटनमध्ये ती मोनोच निघत आणि सगळी मेहनत त्याच मिक्सवर होई. ‘मेम्फिस’ अल्बम स्टिरिओत. अटलांटिकच्या काळातल्या सिंगल्सची मूळ मिक्स ऐकायची असतील, तर २०२१ चा ‘द कम्प्लीट अटलांटिक सिंगल्स’ हा संग्रह आहे. रेडिओवर वाजण्यासाठी केलेले ‘सन ऑफ अ प्रीचर मॅन’चे मोनो रूप अल्बमपेक्षा घट्ट आहे. फोनच्या सेटिंगमधले ‘मोनो ऑडिओ’ चालू करणे हा यावर उपाय नव्हे. डावी-उजवी बाजू एकत्र केली की मधोमध ठेवलेला आवाज कडेच्या वाद्यांच्या तुलनेत सुमारे ३ डेसिबलने वर येतो आणि वाद्यवृंद मागे पडतो. मूळ मोनो मिक्समध्ये हा तोल हाताने साधलेला असतो.

डिजिटल फाइल विकत घेतली असेल, तर ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघावी. सूर चढतो तिथे लहरींचे शेंडे सपाट कापलेले दिसले, तर आवाज मोठा करण्यासाठी गाणे दाबले आहे. डस्टीच्या बाबतीत हे फार नडते, कारण कुजबुजीपासून सुरू करून शेवटच्या कडव्यात आवाज पूर्ण उघडायचा, हीच तिची पद्धत. दोन आवृत्त्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घ्यावी. मोठी वाजणारी प्रत पहिल्या मिनिटाला नेहमीच चांगली वाटते.

एलपी घेणाऱ्यांसाठी थोडे. १८० ग्रॅम वजनाने तबकडी कमी वाकते, एवढेच. नाद वजनाने सुधारत नाही, तो कटिंग (तबकडीवर खोबण कोरणे) कशावरून झाले यावर ठरतो. ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खोबण सरकते, आत लेबलाजवळ जेमतेम २१. म्हणून बाजू संपताना ‘स’ आणि ‘श’ फाटतात. ‘मेम्फिस’चे शेवटचे ‘आय कान्ट मेक इट अलोन’ हे गाणे त्यासाठी चांगली कसोटी. ते फाटत असेल तर रेकॉर्डला दोष देण्याआधी कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) कोन आणि सुईचा दाब बघावा (बहुतेक घरगुती कार्ट्रिजना १.५ ते २ ग्रॅम, नेमका आकडा कार्ट्रिजच्या कागदावर असतो). दाब कमी ठेवला की रेकॉर्ड कमी झिजते हा समज उलटा आहे. सुई खोबणीत उड्या मारते आणि भिंती खरवडते. लांबलेले सूर हेलकावत असतील, तर बहुधा मधले भोक सरकलेले आहे. ती प्रत परत करावी, घरी काही दुरुस्ती होत नाही.

आता स्वस्त संग्रहांबद्दल. युरोपात १९६३ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क संपले आहेत, म्हणून ‘डस्टी स्प्रिंगफील्ड – सुरुवातीची वर्षे’ छापाच्या तबकड्यांवर बहुतेक द स्प्रिंगफील्ड्स या, ती एकटी गाऊ लागण्यापूर्वीच्या, तिच्या त्रिकुटाची गाणी असतात. गोड आहेत, पण ती ही गायिका नव्हे. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. म्हणजे १९६३ आणि १९६४ ची तिची मुद्रणे इथे त्यातून बाहेर पडली. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते शिल्लक आहेत. तरी जुन्या एलपीवरून उतरवून वर ‘रीमास्टर्ड’ची चिठ्ठी लावलेले संग्रह आता इथेही दिसू लागले तर नवल नाही. गाणे सुरू होण्याआधीच्या शांततेत रेकॉर्डची बारीक टिकटिक ऐकू आली, की समजावे.

आणखी एक: अमेरिकेत तिच्या फिलिप्सच्या काळाचे हक्क युनिव्हर्सल कंपनीकडे, अटलांटिकच्या काळाचे वॉर्नर कंपनीकडे. त्यामुळे ‘संपूर्ण’ म्हणवणारी कोणतीही पेटी घेताना मागची यादी वाचावी.

तेव्हा विनंती अशी, की या मालिकेतल्या प्रत्येक लेखाखाली छोटी चौकट द्यावी: कोणत्या लेबलची, कोणत्या वर्षाची आवृत्ती, मोनो की स्टिरिओ, मूळ टेपवरून की प्रतीवरून, मूळ गाणी किती, जादा किती. पुढचा लेख कॅरेन कार्पेंटरवर असल्याचे जाहीर झाले आहे. तिथे तर भाऊ रिचर्डने अनेक गाणी नंतर स्वतःच नव्याने मिक्स केली, त्यामुळे एकाच गाण्याची दोन-तीन रूपे बाजारात आहेत. चौकट त्या लेखापासूनच सुरू करावी.

आपला,
एक वाचक, ठाणे