निफाडच्या थंडीत मजूर बायांचे हात

निफाडचा पारा घसरला की पेपरात द्राक्षांची काळजी छापून येते, बागेतल्या शेकोट्यांचे फोटो पण येतात, पण त्याच बागेत सकाळच्या गारठ्यात कात्री धरून विरळणी (घडातले जादा मणी कापून काढणं) करणाऱ्या बायांच्या हातांचं कोणीच लिहीत नाही. थंडीने बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात, सांधे आखडतात, त्यात दिवसभर कात्री दाबायची, मग मनगटातली नस दबून रात्री अंगठा आणि बाजूची दोन बोटं बधिर होतात, झोपमोड होते. हे कार्पल टनेल, म्हणजे मनगटातला मज्जातंतू दबण्याचा आजार, असू शकतं, दरवेळी वात म्हणून सोडून देऊ नका. बागायतदारांनी ऊन वर आल्यावरच काम सुरू करावं, हातमोजे द्यावेत, मधे थोडी विश्रांती द्यावी. आणि आरोग्य केंद्रात नुसती पेनकिलर नको, मनगट तपासा.

– एक वाचक, निफाड तालुका