तिठा ते बंदर रस्ता : १ मेच्या ग्रामसभेची आठवण

मंडळी, गावकरी आणि मुंबईकर दोघांनीही वाचा. १ मेला ग्रामसभा आहे आणि यावेळी आपल्या रस्त्याचा विषय घ्यायचाच आहे. वरच्या टप्प्याचं डांबरीकरण झालं पण बंदराकडचा तुकडा ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, चढलेलाच नाही, मग निधी मागायचा कशावर? त्यासाठी ज्यांच्या जमिनीतून रस्ता जातो त्यांची संमतीपत्रं लागतील, आणि सातबारावर निम्मी नावं मुंबईतली, तेव्हा चाकरमान्यांनो, आंबे खायला येताच आहात तर सह्या पण करून जा.

दुसरं, नुसतं डांबर मागू नका, आधी गटार मागा. पाण्याला वाट नसली की ते रस्त्यावरूनच धावतं, कडा खातं आणि गणपतीपर्यंत पुन्हा खड्डेच. उताराला काँक्रीट, आणि खाडीजवळच्या मोरीला मोठा पाईप हवा, भरतीला पाऊस लागला की तिथे पाणी तुंबतं हे सगळ्यांना माहितीय.

तोवर आंब्याचे टेम्पो आणि मासळीच्या गाड्या चालल्या पाहिजेत म्हणून येत्या रविवारी सकाळी ७ ला तिठ्यावर श्रमदान, खड्ड्यात जांभ्याचे तुकडे आणि माती भरायचीय, घमेलं, फावडं, टिकाव आपापलं आणा.

ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १००, जे कमी असेल तेवढा कोरम लागतो, नाहीतर सभा तहकूब. ग्रुपवर अंगठे दाखवून कोरम भरत नाही हो. संमतीपत्राचा कोरा नमुना देवळात ठेवलाय, तिथून घ्या.