खोका मोठा कर, भाडं मी देतो

लोकमान्यनगर, इंदूर

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री फोनवर तू इतका तापला होतास की 'हो, हो' म्हणण्यापलीकडे मी काही बोललोच नाही. आता फोटो नीट पाहून सविस्तर लिहितोय. पहिली गोष्ट, दिल्लीच्या दुकानदाराकडून मागवलेला तो जुना संगणक कुरिअरमध्ये मोडून आला असला, तरी परत पाठवू नकोस. दिल्लीवाला 'रिटर्न करा, पैसे देतो' म्हणतोय ते ऐकायला गोड आहे. पण पिकअपचा पोरगा दारात आला तर हे पत्र वाचून होईपर्यंत त्याला चहा पाज आणि रिकाम्या हाताने पाठव.

कारण असं बघ. आधीच खिळखिळी झालेली वस्तू त्याच फाटक्या खोक्यात घालून तू तितक्याच लांबच्या प्रवासाला पाठवणार. तिकडे पोचेपर्यंत आणखी दोन गोष्टी मोडणार, आणि मग कुठली मोडतोड येताना झाली नि कुठली जाताना, हे कोण ठरवणार? तोच, ज्याच्या खिशातून पैसे जायचे आहेत. तुझ्याकडे ना संगणक उरणार, ना पुरावा. आत्ता निदान दोन्ही तुझ्या टेबलावर आहेत.

आता फोटोंकडे. बाजूचं झाकण काढलेला जो फोटो आहे, त्यात ग्राफिक्स कार्डाचं मागचं टोक खाली झुकलेलं दिसतंय आणि कॅबिनेटच्या तळाशी एक काळा प्लास्टिकचा तुकडा पडलाय. तो तुकडा म्हणजे कार्ड धरून ठेवणारी, स्लॉटची (कार्ड ज्या खाचेत बसतं तिची) खटकी. खटकी एकटीच तुटली असेल तर काही बिघडलं नाही, कार्ड मागच्या स्क्रूवरही बसतं. खरा प्रश्न स्लॉटचा आहे. कार्ड सावकाश काढ, टॉर्च अगदी तिरपा धर आणि स्लॉटची लांब काळी पट्टी मदरबोर्डाला, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाला, सगळीकडे सारखी चिकटलेली आहे का ते बघ. एका टोकाला नखाएवढी जरी फट दिसली तरी डागाचे (सोल्डरचे) टाके सुटलेत असं समज. अशी जड कार्डं किलोच्या घरात जातात. कॅबिनेट उभं असताना ती आडवी लटकतात, आणि खोका आपटला की सगळा झटका त्या स्लॉटवर येतो.

आणि वीज लावू नकोस! तू म्हणालास की हलवलं की आत काहीतरी खडखडतं. ती फक्त खटकी असेल तर ठीक, पण एखादा सुटा स्क्रू मदरबोर्डाखाली जाऊन बसला असेल आणि तू बटण दाबलंस, तर आत्तापर्यंत कुरिअरने केलं नाही ते तू करशील. आधी कॅबिनेट आडवं करून, उलटं करून, जे पडेल ते पाडून घे. मग प्रोसेसरवरचा पंखा, म्हणजे कूलर, हाताने हलवून बघ. त्याच्या चार टाचण्यांपैकी एखादी निसटलेली असते आणि वरून काही कळत नाही. मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा दाबून बसव. 'डिस्प्ले येत नाही' अशी बोंब झालेली कितीतरी यंत्रं एवढ्यावर उठून बसतात. पॉवर सप्लायचं खोकं मात्र उघडायचं नाही, प्लग काढला तरी आतले कपॅसिटर भरलेले असू शकतात. हार्ड डिस्कची फार चिंता करू नकोस. बंद डिस्क चालू डिस्कपेक्षा कितीतरी मोठा धक्का सोसते. यंत्र सुरू झालं की डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून खराब सेक्टरांचा आकडा तेवढा पाहा.

हे सगळं मला माहीत असायचं कारण माझा मॉनिटर. जुना सतरा इंची, काचेच्या नळीचा. जुने खेळ जुन्याच पडद्यावर खेळायचे, हे माझं वेड तुला माहीत आहेच. तो ट्रान्सपोर्टने आला. देवास नाक्याच्या गोदामातून मी स्वतः उचलला. बाहेरून खोका अगदी ठीक, दाबलेला कोपरासुद्धा नाही. घरी आणून मागचं कव्हर उघडलं तर नळीच्या मानेपाशी, आतून, जिथे आरशासारखा चकचकीत डाग असायला हवा, तिथे दुधासारखा पांढरा डाग. हा डाग बेरियमचा असतो. नळीत उरलेली हवा शोषून घ्यायला तो मुद्दाम लावलेला असतो, आणि बाहेरची हवा आत शिरली की पांढरा पडतो. म्हणजे मानेला कुठेतरी केसाएवढी चीर. ते पाहिलं की प्लग लावायचीही गरज राहत नाही. अशा नळ्या आता कुणी बनवत नाही, त्यामुळे दुरुस्तीचाही प्रश्न नाही. त्या मॉनिटरचं बरंचसं वजन पुढच्या काचेत असतं, म्हणून तो काच खाली करून, जाड फोमवर ठेवून पाठवायचा असतो. माझ्या विक्रेत्याने तो उभा ठेवून चारी बाजूंनी थर्मोकोलच्या गोळ्या ओतल्या होत्या. गाडी हलत राहिली तशी ती जड वस्तू, चिवड्याच्या डब्यात शेंगदाणे जातात तशी, तळाला जाऊन बसली आणि गोळ्या सगळ्या वर आल्या.

विक्रेता लबाड होता का? मला नाही वाटत. तुझाही नसावा. लबाडी नसते, भाड्याचा हिशेब असतो, आणि तो जरा समजून घेण्यासारखा आहे. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायचं. जे येईल ते आणि काट्यावरचं वजन, यातलं जे जास्त त्याचं भाडं. तुझ्यासारखं कॅबिनेट धर, 45 बाय 20 बाय 45. गुणाकार 40,500, म्हणजे 8.1 किलो. काट्यावर ते दहा-अकरा किलो भरतं, तर भाडं अकराचं. आता चारी बाजूंनी, वर-खाली, पाच-पाच सेंटिमीटर फोम घाल. खोका होतो 55 बाय 30 बाय 55. गुणाकार 90,750, म्हणजे 18 किलोच्या वर. नीट पॅक करणाऱ्याला सात किलो हवेचं भाडं पडतं! मग दुकानदार काय करणार, अंगाला चिकटून बसेल असा खोका घेतो, वर बबलरॅपचे दोन वेढे, आणि काचेच्या पेल्याचं लाल स्टिकर. ते स्टिकर रात्री दोन वाजता पट्ट्यावरून पार्सलं ढकलणारा माणूस वाचत नाही, आणि त्याने वाचावं अशी अपेक्षाही मी करत नाही.

म्हणून मी आता कुठलीही जुनी वस्तू मागवताना भावात घासाघीस करत नाही. 'खोका मोठा कर, भाडं मी देतो' एवढंच म्हणतो. पाच प्लायचा, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचा खोका, त्यात फोम, आत दुसरा खोका. ग्राफिक्स कार्ड आणि मोठा कूलर काढून वेगळे. आणि पॅक करतानाचे फोटो. चार-पाचशे रुपये जास्त जातात. समोरचाही खूश असतो, कारण त्यालाही ही कटकट नकोच असते.

आता तुझे पैसे. लेबलाचा फोटो तू पाठवलास ते फार बरं केलंस. त्यावर मालाची किंमत 2,000 लिहिली आहे, पाहिलंस? तू 22,000 मोजलेस. रस्त्याने माल वाहणाऱ्यांचा 2007 चा कायदा कुरिअरलाही लागू होतो, आणि त्याखालच्या नियमात भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते, तीही चिठ्ठीवर लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. जास्त हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच जादा जोखमीचा दर भरावा लागतो. म्हणजे कुरिअरशी जन्मभर भांडलास तरी हातात येणार फार तर दोन हजार. तरी लेखी नोटीस द्यायला लाव, बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत ती गेली पाहिजे. ती दिल्लीवाल्याने द्यावी, पाठवणारा तो आहे.

तुझी खरी बाजू दिल्लीवाल्याकडे आहे. तो दुकानदार आहे, जीएसटीचं बिल आहे, म्हणजे तू ग्राहक आणि तो व्यापारी. सदोष माल निघाला तर तो हात वर करू शकत नाही. ग्राहक आयोगाकडे तक्रार तुला तुझ्या गावी, नाशिकलाच करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करायची सोय आहे. हे त्याला एकदा शांतपणे, लिहून कळव. एकदाच. रोज धमकी दिली की माणूस फोन उचलणं बंद करतो. पण लगेच पुढच्याच ओळीत त्याला वाट दे. म्हणावं, यंत्र मी ठेवतो, तू मला बोर्डाची किंमत परत कर. परतीचं भाडं, मोडका माल, पुन्हा विकायची यातायात, हे सगळं वाचत असेल तर तो पाच-सहा हजारांवर येईल असा माझा अंदाज. आठ मागायला सुरुवात कर. तू कोकणस्थ आहेस, तुला शिकवायला नको.

एखाद्या घरगुती माणसाकडून घेतलं असतंस तर गोष्ट वेगळी होती. तिथे ग्राहक कायदा लागत नाही, आणि 1930 च्या माल विक्री कायद्याप्रमाणे, दुसरं काही ठरलेलं नसेल तर, माल वाहतूकदाराच्या हाती दिला की तो तुलाच दिल्यासारखा. म्हणून अशा माणसाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच एक ओळ लिहून घ्यायची: घरी चालू स्थितीत पोचेपर्यंत जबाबदारी तुमची. त्यावर कुणी कांकू करायला लागला की सौदा सोडून द्यायचा. जुनी यंत्रं पुष्कळ आहेत. ऑफिसांतून लीज संपलेल्यांचे तर ढीग येतात.

खोका, फोम, लेबल काहीही फेकू नकोस. वहिनींना तो बाल्कनीत अडचण वाटतोय हे समजलं, पण पैसे खात्यात येईपर्यंत राहू दे. आणि खोक्याचे सहाही बाजूंचे फोटो आज काढ, पावसाची एक सर आली की पुठ्ठ्यावरची खूण पुसली जाते.

स्लॉट उचकटलाच असेल तर इथे जेल रोडला माझ्या ओळखीचा एक कारागीर आहे, चिप पातळीवरचं काम करतो. त्याला तुझे फोटो दाखवले. म्हणाला, "भिया, बोर्ड हात में आए बिना कुछ नहीं बोलूँगा." रास्त आहे. त्याला वाटलं तर तो स्लॉट बदलेल, नाहीतर सिल्व्हर मॉलमध्ये त्याच जोडीचा जुना बोर्ड शोधू. कार्ड चांगलं असेल, आणि असेलच बहुतेक, तर लेकीचं काम पुढच्या सहामाहीच्या आत सुरू होईल.

तू श्रावणात येणारच आहेस. तेव्हा बोर्ड घेऊन ये, पण कुरिअरने पाठवू नकोस, स्वतः आण. अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या) पिशवीत घाल, ती नसेल तर कोरड्या पुठ्ठ्यात. फुगेवाला बबलरॅप थेट बोर्डाला लावू नकोस. बर्थखाली ठेवायचं नाही, उशाशी घ्यायचं. प्रोसेसर बोर्डावरच राहू दे, कूलर मात्र काढ. आणि निघण्यापूर्वी दिल्लीवाल्याने काय उत्तर दिलं ते कळव; त्याने पाचच्या खाली आकडा सांगितला तर मला विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
भाऊ