फुलदाणी हेही शिल्पच

निसर्गातील आकारांवरून घडवलेल्या सिरॅमिक फुलदाण्यांच्या प्रदर्शनाचे परीक्षण रविवार पुरवणीत वाचले. त्यात या कामांना ‘शोभेच्या वस्तू’ म्हटले आहे, ते पटले नाही. डॅनिश कलावंत आक्सेल साल्टो (१८८९-१९६१) यांची कोंब फुटल्यासारखी भासणारी स्टोनवेअरची (उच्च तापमानाला भाजलेल्या घट्ट, कठीण मातीची) पात्रे संग्रहालयांनी कलाकृती म्हणूनच जतन केली आहेत. स्टोनवेअरची माती वाळताना आणि सुमारे १,२५० अंश सेल्सिअसला भाजताना साधारण १० टक्के आकसते. पाकळीसारखी पातळ कड नेमकी तेव्हाच तडकते किंवा वाकते. हे आधीच ओळखून आकार द्यावा लागतो, आणि झिलईचा खरा रंग तर भट्टी उघडल्यावरच दिसतो! आत फुले ठेवता येतात, एवढ्यावरून शिल्पाचा मान नाकारणे अन्यायाचे आहे. गॅलरीनेही ही कामे भिंतीलगत न लावता चारही बाजूंनी पाहता येतील अशी मांडावीत.

– एक कलाप्रेमी वाचक