काटेसावर फुलली असेल

ब्रिस्टल, मार्चचा पहिला आठवडा

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

पक्षी कॅमेऱ्यात टिपायला कुठे उभी राहू, असं विचारलंस. इथे अजून ओक-बीच उघडेबोडके आहेत, म्हणून गाणारा रॉबिन फांदीवर स्वच्छ दिसतो. आपल्याकडे ही सोय काटेसावर करते: आधी पानं गाळते, मग फुलते. तेव्हा पुण्यातला पाषाण तलाव आणि जवळच्या कवडीच्या फेऱ्या राहू देत, आधी फुललेली एक सावर गाठ.

वेताळ टेकडीच्या उताराला असं झाड मिळालं तर उत्तम. वरच्या बाजूला उभं राहिलं की शेंडा डोळ्यांसमोर येतो. खालून वर रोखलास तर मागे पांढरं आभाळ आणि पुढे काळा पक्षी, एवढंच हाती लागेल.

सूर्य पाठीशी हवा, म्हणजे सकाळी झाडाच्या पूर्वेला उभं राहायचं. शिंजीर या मध पिणाऱ्या इवल्या पक्ष्याच्या अंगावरची निळी-जांभळी झाक पिसांच्या रचनेतून येते. उजेड तुझ्या मागून पडला तरच ती दिसते, एरवी तो नुसता काळा. सात ते नऊ ही वेळ धर. नंतर ऊन कडक होतं, पक्ष्यांची गर्दीही पांगते.

तुझ्या ७०-३०० लेन्सला पूर्ण ३०० वर छिद्र एफ ५.६, शटरचा वेग १/१००० सेकंद, शिंजीर फुलापुढे तरंगत असेल तर १/२०००. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ऑटोवर, मर्यादा ३२००. फोकसचा एकच बिंदू ठेव, नाहीतर कॅमेरा पुढची काटकी पकडतो. पक्ष्यामागे लेन्स फिरवत बसू नकोस. समोर आडकाठी नसलेलं एक ताजं फूल निवड, त्यावर फोकस करून थांब. भोरड्या (गुलाबी मैना), साळुंक्या, बुलबुल आळीपाळीने तिथेच येतात. कोतवाल आला की सगळ्यांना हाकलतो. तेव्हा बोट शटरवरच असू दे.

खरी गोची फुलाच्या लाल रंगाची. साधा हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, सगळं ठीक दाखवतो, पण लाल चॅनेल उजव्या टोकाला आपटलेला असतो. पाकळीतल्या शिरा जातात, उरतो सपाट डाग. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लाव आणि एक्स्पोजर ०.७ ने उतरव. कोतवाल मग अंधारात जाईल, म्हणून रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढ. सावल्या नंतर उचलता येतात, फुटलेला लाल परत येत नाही.

भिगवणला उजनीच्या जलाशयावर गेलात तर होडीत ट्रायपॉड नको, इंजिनाची थरथर थेट लेन्समध्ये येते. रोहित (फ्लेमिंगो) माना वर काढून एका दिशेने चालू लागले की होडी थांबवायला सांग. उडतानाचा फोटो हवा म्हणून त्यांना उठवणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणारेही नाहीत. घरटं दिसलं तर कॅमेरा खाली.

भोरड्या एप्रिलपर्यंत मध्य आशियाकडे निघतात आणि सावरही तोवर झडते, तेव्हा परीक्षेचं निमित्त सांगू नकोस. दादा-वहिनींना नमस्कार. फोटो पाठवशील ते न कापता पाठव.

तुझी,
आत्या